टपाल तिकिटं ईबेवर लिलावात काढताना

ईबेची भारतातली साइट 2018 मध्ये बंद झाली, पण इथे बसून परदेशी गिऱ्हाइकांना विकता येतं. मी मिरजेहून टपाल तिकिटं विकते, त्यामुळे सांगतेय ते तिकिटांपुरतं.

माल लावायच्या आधी ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करून आपल्यासारखीच तिकिटं शोधा. मागायला कुणी काहीही मागतं. विकलं कितीला गेलं, ते इथे कळतं.

सगळंच लिलावात काढू नका. बोली चढायला हट्टाला पेटलेले दोघं लागतात. एकटाच असला तर तो मूळ बोलीवरच तिकीट घेऊन जातो. म्हणून शिक्का पडलेली साधी तिकिटं मी पाकीट करून ठरलेल्या किमतीला देते. लिलावाला 15 ऑगस्ट 1948 च्या गांधी संचासारखा माल हवा: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. त्यातलं दहा रुपयांचं बनावट तिकीट बाजारात फार. हा संच स्वित्झर्लंडमध्ये एकाच पद्धतीने छापला होता आणि दीड आण्याचं तिकीट स्वस्तात मिळतं. ते शेजारी ठेवून भिंगातून छपाईचा पोत, कागद, दातेरी कडा ताडून बघा. जराही खटकलं तर ते तिकीट लावू नका.

फोटो काळ्या कागदावर काढा, म्हणजे एखादा दात तुटला असेल तर दिसतो. आणि पाठीचा फोटो हवाच हवा! गोंद शाबूत आहे का, हिंजचा (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीचा) डाग आहे का, कागद कुठे पातळ झालाय का, जाणकार आधी तेच बघतो. आपल्याकडच्या दमट हवेत अल्बममधल्या तिकिटांवर पिवळे ठिपके पडतात. ते वर्णनात स्वच्छ लिहा, नाहीतर माल परत येतो आणि पैसेही परत द्यावे लागतात.

लिलाव सात दिवसांचा ठेवा. ज्या वेळेला सुरू केलात, त्याच वेळेला तो संपतो. आपली सोमवारची सकाळी साडेसहाची वेळ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये रविवारची रात्र, उन्हाळ्यात नऊ, हिवाळ्यात आठ. माणसं घरी असतात. गुरुवारपर्यंत एकही बोली नसली तरी किंमत उतरवू नका, खरी चुरस शेवटच्या मिनिटाला होते. भाच्याला बोली लावायला सांगून भाव चढवायचा विचार असेल तर सोडा, खातं बंद होतं.

फीचं गणित बहुतेकांचं चुकतं. ती टपालखर्चासकट एकूण रकमेवर लागते. तिकीट हजाराचं, टपाल चारशेचं, तर फी चौदाशेवर.

कागदपत्रांत आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा नंबर लागतो. डीजीएफटी, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या साइटवर 500 रुपयांत मिळतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर 1972 च्या पुरावशेष कायद्याची टांगती तलवार असते, त्या परदेशी पाठवायच्या फंदात मी पडत नाही. अमेरिकेने 29 ऑगस्ट 2025 पासून 800 डॉलरच्या आतल्या पार्सलांची करमाफी काढली, तेव्हा तिकडे पाठवायचा माल असेल तर आधी पोस्टात चौकशी करा.

पाकिटात दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घाला. काउंटरवर चालत असेल तर छापील लेबलाऐवजी नवी स्मारक तिकिटं चिकटवा आणि शिक्का हाताने, हलका मारून मागा. काही गिऱ्हाइकं ते पाकीटही जपून ठेवतात आणि पुढच्या लिलावाला परत येतात.