लेकरांच्या कपड्यांची अदलाबदल: मैत्रिणींत भाव कसा लावायचा

बाळ जन्मलं की आमच्या जळगावच्या घरी पहिलं अंगाला लागतं ते कुणाचं तरी जुनं झबलंच. धुऊन धुऊन मऊ झालेलं, न टोचणारं. म्हणजे दुसऱ्याचे कपडे घेण्यात कमीपणा कधी नव्हताच. अडतं ते पैशापाशी. "राहू दे व माय" म्हणत पिशवीच्या पिशवी देऊन टाकायची आणि पुढे वर्षभर मनात हिशेब करत बसायचं. त्यापेक्षा भाव आधीच ठरवलेला बरा.

चार-पाच जणी जमवा, पण मुलं एकाच वयाची नकोत. सगळ्यांची तीन वर्षांची असतील तर सगळ्यांना एकाच वेळी तेच कपडे लहान होतात, बदलणार काय? वर्ष-दीड वर्षाचं अंतर हवं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, मुलंही सोबत, म्हणजे अंगाला लावून बघता येतं. फक्त बैठक सकाळी लवकर उरकून घ्या. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन ठाऊक आहेच.

आणायच्या आधी कपडे धुऊन, उलटे करून उजेडात धरा. काखेत आणि मांडीच्या मध्ये कापड विरलंय का, ते तेव्हाच कळतं. इलॅस्टिक ताणून सोडा, चेन दोनदा वर-खाली करा, टिचबटणं लावून बघा. केळीचा चीक लागलेला कपडा बाजूला काढा. सुरुवातीला दिसत नाही, मग काळपट तपकिरी डाग पडतो आणि कशानेही जात नाही. असे कपडे अंगणात खेळायला चालतात, पण त्यांना भाव नाही. फुकटच्या ढिगात टाका. आजीने शिवलेली कुंची मनातून सुटणार नसेल तर ती आणूच नका. नंतर डोळ्यांत पाणी आणलेलं चालत नाही.

लेबलावरच्या '2-3 वर्षे'वर जाऊ नका, कंपनीगणिक माप बदलतं. टेपने खांद्यापासूनची उंची आणि काखेपासून काखेपर्यंतची रुंदी मोजा, पँटची कंबर आणि लांबी. चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने बांधा. टाचणी नको, लेकरं हात घालतात.

आता भाव. तुम्ही केवढ्याला घेतला होता ते विसरा. तसाच कपडा आज फुले मार्केटमध्ये केवढ्याला मिळेल ते धरा आणि रुपयामागे आणे लावा. नव्यासारखा असेल तर आठ आणे, वापरलेला पण धड असेल तर चार आणे, बटण तुटलं-उसवलं असेल तर दोन आणे. म्हणजे 400 रुपयांचा फ्रॉक अनुक्रमे 200, 100 किंवा 50 रुपयांना. आणि भाव मालकिणीने लावायचा नाही, शेजारी बसलेलीने लावायचा. आपल्या लेकीचा फ्रॉक आपल्याला नवाच दिसतो, माझंही तेच होतं. स्वेटरला मात्र उन्हाळ्यात कुणी विचारत नाही म्हणून पाडून भाव लावू नका; डिसेंबरात तोच शोधत फिराल. बोरन्हाणाचा काळा झगा विकूच नये. एकदाच घातला जातो, तेव्हा तो सगळ्यांचा ठेवा आणि संक्रांतीला ज्या घरी बाळ असेल तिकडे पाठवा.

जिने जेवढ्याचा माल आणला, तेवढ्याच्या चिठ्ठ्या तिला द्या, 10 रुपयांची एक. नंबर काढून एकेकीने एका वेळी एकच कपडा उचलायचा, नाहीतर पहिलीच सगळे चांगले घेऊन जाते. कुणाला चिठ्ठ्या कमी पडल्या तर फरक तिथल्या तिथे रोख किंवा फोनवरून द्यायचा. 50 रुपयांच्या आतला सोडून द्या.

उरलेलं बोहारणीला. तिची नजर साड्यांवर आणि मोठ्यांच्या पँटींवर असते. माझ्या लेकराच्या कपड्यांच्या दोन पिशव्यांना तिने एक चहाचं गाळणं दिलं होतं. आई असती दारात, तर निदान पातेलं तरी मिळालं असतं.