नऊ तंबू, पण एकाच मापाचे

आमच्या गल्लीतल्या पोरापोरींना वर्षातून एकदा सह्याद्रीत न्यायचं काम नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहे. 12 पोरं, 8 पोरी, 2 काका, 2 ताई. पोरांचं वय 16 ते 19. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मी जॉबर होतो. माग बिघडला की मला हाक यायची. त्यामुळे तंबू बघायला गेलो की माझा हात आधी कापडावर जातो. यंदा शेजारच्या दोन मंडळांनी विचारलं, 'काका, तंबू कुठले घ्यायचे?' म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पहिल्या वर्षी आम्ही तोरणा ते राजगड करायला निघालो. सोलापूरहून रेल्वेने पुणे, स्वारगेटहून एसटीने वेल्हे. महिना ऑक्टोबरचा. तंबू भाड्याने आणले होते, आठ-आठ जणांचे तीन. संध्याकाळी बघायला फार छान दिसले. रात्री दीडच्या सुमाराला परतीचा पाऊस आला, वारा सुटला आणि एका तंबूची फायबरची काठी उभी चिरली. ओलं कापड आठ पोरांच्या अंगावर बसलं. बाकीच्या दोन तंबूंत पाय ठेवायला जागा नव्हती. आठही जणांना गावातल्या देवळात नेलं. सगळ्यात लहान पोराची कुडकुडी थांबेना, तेव्हा घरून आणलेल्या दोन चादरींत गुंडाळून त्याला सगळ्यांच्या मधे बसवलं. त्या रात्री देवळाच्या पायरीवर बसून मी ठरवलं की एका काठीवर आठ पोरांची झोप टांगायची नाही.

तेव्हापासून आमचे तंबू तिघांचे. एक पडला तरी तिघांना इकडेतिकडे सामावून घेता येतं. शिवाय पायथ्याच्या गावात सपाट जागा मिळते ती भाताच्या खाचरात, तीही अरुंद. मोठा तंबू तिथे बसतच नाही. किती लागतील हे काढताना नुसता भागाकार करू नका. आम्ही 24 जण, तिघांचे 8 पुरतील असं वाटतं. पण पोरांचे 4, पोरींचे 3 (त्यातल्या एकात दोघी), काकांचा 1, ताईंचा 1, म्हणजे झाले 9. मोठ्या माणसांनी पोरांच्या तंबूत झोपायचं नाही, हा नियम आम्ही पाळतो. पालकांना तो आधीच सांगून टाकतो.

नऊही तंबू एकाच मॉडेलचे घ्या. या एका गोष्टीसाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. वर्गणी कमी पडली म्हणून आम्ही आधी एका वर्षी पाच घेतले आणि पुढच्या वर्षी त्याच मॉडेलचे चार. एकाची काठी दुसऱ्याला चालते, एकाला उभारता आला की तो बाकीच्यांना शिकवतो, आणि सुट्या भागांचा एकच संच सगळ्यांना पुरतो. वेगवेगळे घेतलेत तर अंधारात कुठली काठी कुणाची हे शोधण्यात तास जातो.

आता दुकानात काय बघायचं ते.

लेबलवर '3 माणसं' लिहिलंय म्हणजे तीन माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर ठेवून. आतली रुंदी 180 सेंटीमीटर तरी हवी, म्हणजे माणशी 60. लांबी 210. आमच्यातला उंच पोरगा सहा फुटांचा, म्हणून मी त्यालाच दुकानात नेऊन तंबूत आडवा केला. डोकं किंवा पाय कापडाला टेकले तर पहाटे झोपायची पिशवी ओली होणार. बॅगा आणि बूट ठेवायला दारापुढे पडवीसारखा झाकलेला भाग असतो, तो असलेलाच तंबू घ्या.

कापड दुहेरी पाहिजे. आत जाळीचा तंबू, बाहेर पावसाचं कापड, आणि दोन्हींच्या मधे हात जाईल एवढी फट. तिघांच्या श्वासाची वाफ रात्रभर बाहेरच्या थंड कापडावर जमते. एकेरी तंबूत तेच पाणी अंगावर ठिबकतं आणि पोरं सकाळी सांगतात, 'काका, तंबू गळतोय.' तो गळत नसतो, वाफ कोंडलेली असते. म्हणून वरची हवेची झडप थंडीतही बंद करू देऊ नका. आतल्या जाळीची चेन मात्र कायम लावलेली हवी. विंचू आपल्याकडच्या माणसाला वेगळा सांगायला नको.

लेबलवर '68 डी, 190 टी' असं काहीतरी लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप. 9,000 मीटर धाग्याचं वजन जेवढे ग्रॅम, तेवढा त्याचा डेनियर. टी म्हणजे इंचभर चौकोनात ताणा-बाण्याचे मिळून किती धागे. वरच्या कापडाला 68 ते 75 डेनियर पॉलिएस्टर चांगलं, तळाला त्याहून जाड. नायलॉन हलकं असतं, पण ओलं झालं की सैल पडतं आणि उन्हात लवकर कुजतं. आपण सोलापूरची माणसं, तंबू उन्हात पडणारच. मी पॉलिएस्टरच घेतो. कापड उजेडासमोर धरा. बारीक चौकड्यांची जाड धाग्यांची वीण दिसली तर ते रिपस्टॉप. फाटलं तरी चीर त्या चौकटीपाशी अडते.

पावसाचा आकडा मिलीमीटरमध्ये असतो. 2,000 म्हणजे कापडावर दोन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते दाब सोसतं. वरच्या कापडाला 2,000 आणि तळाला 3,000 असेल तर निर्धास्त राहा. तळाला जास्त हवं, कारण गुडघा टेकला की सगळा भार एका जागी येतो. पण पाणी शिरतं ते बहुतेक वेळा शिवणीतून. सुईची भोकं आतून पट्टी चिकटवून बंद केलेली असतात. ती पट्टी नखाने उचलून बघा. सुटत असेल तर तो तंबू ठेवून द्या.

काठ्या अ‍ॅल्युमिनियमच्या परवडल्या तर उत्तमच. नाही परवडल्या तर फायबरच्या घ्या, पण सोबत 15 सेंटीमीटरची धातूची नळी ठेवा. आमच्या नळ्या मी ओळखीच्या लेथवाल्याकडून कापून घेतल्या. चिरलेल्या जागेवर नळी सरकवायची, दोन्हीकडे टेप गुंडाळायची, रात्र निघून जाते. फायबरच्या चिरेत बोट घालू नका, कुसळं घुसतात.

तंबू खुंट्यांशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहणारा, घुमटाचा असावा. सह्याद्रीच्या कातळात खुंटी जातच नाही, तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. फेकला की आपोआप उघडणारा तंबू पोरांना फार आवडतो, पण त्याची घडी मोठ्या चकतीसारखी गोल होते. पाठीवर घेऊन चढायला तो कामाचा नाही.

वजनाचा हिशोब तंबूचा करू नका, पाठीचा करा. माणशी सव्वा किलोच्या वर नको, म्हणजे तिघांचा तंबू पावणेचार किलोपर्यंत. दुकानातल्या पिशवीत तो तसाच एकाच्या गळ्यात मारू नका. एकाने आतला भाग घ्यायचा, दुसऱ्याने वरचं कापड, तिसऱ्याने काठ्या-खुंट्या. आम्ही प्रत्येक तंबूच्या तिन्ही पिशव्यांना एका रंगाचं सूत बांधलंय. कारखान्यातलं उरलेलं सूत, नऊ रंगांचं. 'जांभळ्याच्या काठ्या कुणाकडे?' अशी हाक आली की बरोबर हात वर होतो.

तंबू घेतल्यावर तो सोलापुरातच भिजवून बघा. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे पाइप धरून बसणं परवडत नाही. मग माझ्या मेव्हण्याच्या मळ्यात ज्वारीला तुषार सिंचन सुरू होतं, तिथे बांधावर तंबू उभा केला. आत जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि अर्धा तास फवारा अंगावर घेतला. पाचातल्या चार तंबूंतले कागद कोरडे निघाले. पाचव्यात मागच्या कोपऱ्यात, चार शिवणी एकत्र येतात तिथे, रुपयाएवढा डाग. तिथे शिवण भरायचं द्रावण लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारा, कागद कोरडा. तोच डाग डोंगरात सापडला असता तर कुणाची तरी रात्र गेली असती.

त्याच मळ्यात अंधार पडल्यावर पोरांकडून तंबू उभे करवून घ्या, टॉर्चवर, आम्ही मोठ्यांनी हात न लावता. पहिल्यांदा 40 मिनिटं लागली, तिसऱ्यांदा 11. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी. स्टोव्ह मात्र तंबूपासून लांब, अगदी पडवीतसुद्धा नाही. कापड क्षणात पेटतं, आणि कोंडलेल्या जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वासही येत नाही.

खाली अंथरायला वेगळी ताडपत्री विकत घेऊ नका. चौकातले उतरवलेले जुने फ्लेक्स मंडळाकडे पडलेलेच असतात. ते तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं आत कापा. बाहेर राहिलं तर पाऊस त्यावर साचून तंबूखाली शिरतो.

जागेचं आधी विचारून घ्या. गडांवर पुरातत्त्व विभागाचे आणि वन विभागाचे नियम असतात, हरिश्चंद्रगडासारखा गड तर अभयारण्यातच आहे. आम्ही पायथ्याशी शेतमालकाला विचारून मुक्काम करतो आणि निघताना खाचर होतं तसं ठेवतो.

परत आल्यावर कितीही दमलेले असलो तरी त्याच दिवशी नऊही तंबू गच्चीवर पसरतो. ओला गुंडाळला तर आतला लेप चिकट होतो, वास मारतो आणि मग तो तंबू संपला. कडक उन्हात दिवसभर नको, सावलीत, वाऱ्यावर. काठ्यांची घडी मधल्या जोडापासून घाला, म्हणजे आतल्या रबरी दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो. खुंट्या प्रत्येक रंगाच्या पिशवीत मोजून भरायच्या. गेल्या वर्षी पिवळ्यात दोन कमी निघाल्या, तेवढ्या आणायच्या आहेत.