लांबलेलं आजारपण आणि नोकरी: या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांचे कागद बघताना एक चूक सारखी समोर येते आणि दर वेळी तितकाच संताप होतो: आजारी माणूस राजीनामा देऊन बसतो. 'फंड (पीएफ) मोकळा होईल, बरा झालास की परत ये,' असं सुपरवायझर सांगतो. घरात पैशांची ओढाताण असते, सही होऊन जाते.

अंबडच्या एका प्रेसशॉपमधल्या ऑपरेटरला टीबी झाला. नोकरीचं चौथं वर्ष, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, नियमित कापली जात होती. टीबी ईएसआयच्या ३४ दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि त्यात १५६ दिवसांची वर्गणी असली, की आधी ९१ दिवस सरासरी मजुरीच्या ७० टक्के आणि पुढे ८० टक्के रक्कम मिळते; मेडिकल बोर्डाने मान्य केलं तर दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा भत्ता चालू असताना कामावरून काढायला कायद्याने बंदी आहे. उपचारासाठी फंडातून ॲडव्हान्स नोकरीत राहूनच काढता येतो. सरकारकडून टीबीच्या रुग्णाला आहारासाठी महिना १००० रुपये मिळतात, ते वेगळे.

यातलं काहीच त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्याने राजीनाम्यावर सही केली. बरा होऊन गेटवर गेला, तर त्याला ठेकेदाराकडे पाठवलं. मशीन तेच, पण नवा कामगार म्हणून, कमी पगारावर. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांसाठी धरली जाणारी आधीची नोकरीही वाया गेली. म्हणून मी सगळ्यांना बजावतो: आजारपणात कुणी कागद पुढे केला तर 'घरी दाखवून आणतो' म्हणायचं आणि तिथून निघायचं. सही नंतरही करता येते, केलेली परत घेणं महाकठीण.

दुसरी चूक, 'साहेबांना फोनवर सांगितलंय' एवढ्यावर विसंबून राहणं. अनेक कंपन्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या लेखी नियमांत, रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर झालं नाही, तर नोकरीवरचा हक्क जाण्याची तरतूद असते. फोनला पुरावा नसतो. रजेचा अर्ज एचआरला ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. पोस्टाची पावती मेडिकल सर्टिफिकेटच्या झेरॉक्सला टाचून ठेवायची, ही माझी जुनी सवय. अनेकांच्या चौकशीत तीच कामी आली.

सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात रांग असते, म्हणून तरुण पोरं खासगी डॉक्टरची चिठ्ठी आणतात आणि भत्ता अडकला की आरडाओरडा करतात. भत्ता ईएसआयच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर निघतो. रांगेत उभं राहायलाच हवं.

भत्ता मिळायला ईएसआयच्या सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) ७८ दिवसांची वर्गणी भरली आहे का, ते आजारी पडण्याआधी बघा. एप्रिलनंतर महिन्याचा पगार ईएसआयच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेवर गेला, तरी ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी चालूच राहते. कपात मधेच थांबली तर एचआरला लेखी विचारा.

कर्जाचा हप्ता थकण्याआधी बँकेत जा, थकल्यावर नव्हे. ईएसआय नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत; रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा.

कामावर परतताना ईएसआय डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट टाइम ऑफिसला द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. त्या दिवशी गेटवरून परत पाठवलं, तर तिथूनच एचआरला ईमेल करा: 'आज हजर झालो, कामावर घेतलं नाही.'