सोलापुरात घर बांधण्याआधी मार्जिन आणि उंचीचा हिशेब कसा मांडावा

प्लॉट हातात आला की किचन कुठे आणि देवघर कुठे, यावर घरात चर्चा सुरू होते. खरं तर आधी घराभोवती मोकळी जागा, म्हणजे मार्जिन, किती सोडायची आणि वर किती जाता येतं ते पाहावं. खोल्या उरलेल्या चौकोनातच बसवायच्या असतात. डिसेंबर 2020 पासून सोलापूर महापालिकेला राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे.

सुरुवात कागदांपासून करा. सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट आणि मोजणी नकाशा जमवा. मग महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा घ्या. जागा निवासी आहे का, तिच्यावर आरक्षण आहे का, विकास आराखड्यातला रस्ता तिच्यातून जातो का, हे त्यावरून कळतं. हद्दवाढ भागात गुंठेवारीचे, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेले प्लॉट भरपूर आहेत. तुमचा तसा असेल तर आधी तो नियमित करून घ्या, नकाशा नंतर.

पुढचा प्रश्न: प्लॉट दाट वस्तीत आहे की बाहेर? जुन्या पेठांतल्या दाट वस्तीला वेगळी, कमी अंतरं लागू होतात. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या वसाहतींत ती सवलत धरू नका.

आता टेप काढा. पुढचं मार्जिन आज दिसणाऱ्या डांबराच्या कडेपासून मोजायचं नसतं. आराखड्यात रस्ता रुंद होणार असेल तर त्या वाढीव रेषेपासून मोजायचं. बाहेरच्या वसाहतीत 9 मीटर रस्त्यावरचा 30 बाय 40 फुटांचा प्लॉट धरा. पुढे 3 मीटर, बाजूंना आणि मागे दीड-दीड मीटर सोडलं, की ढोबळमानाने 20 बाय 25 फूट उरतात. म्हणजे 1200 चौरस फुटांतले एका मजल्याला 500. ऐकून धक्का बसतो, पण तो प्लॉट घेण्याआधी बसलेला बरा. बाजूच्या मार्जिनमध्ये जिना किंवा संडास काढून जागा वाचवू, हा सल्ला देणारे खूप भेटतील. मानू नका.

इमारत 15 मीटरच्या वर जाणार असेल तर बाजूचं आणि मागचं अंतर उंचीच्या एक पंचमांश लागतं: 20 मीटरला 4, 30 मीटरला 6. कमाल मर्यादा 12 मीटर. लहान प्लॉटवर उंच इमारत बसत नाही ती यामुळेच.

सोलापूरकरांना उंचीचा आणखी एक पहारेकरी आहे, होटगी रोडचं विमानतळ. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली ती विमानांच्या वाटेत येत असल्याच्या कारणावरूनच. कुठे किती उंच बांधता येईल ते दाखवणारा विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत झोन नकाशा ऑनलाइन बघता येतो. त्यातला आकडा समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो, म्हणून त्यातून तुमच्या जागेची उंची वजा करा. नकाशात समजा 510 मीटर आणि जागा 480 वर असेल, तर हाती उरतात 30, आणि त्यात गच्चीवरची टाकी, लिफ्टची खोली, अँटेना सगळं आलं.

भुईकोट किल्ल्याजवळ असाल तर पुरातत्त्व खात्याचा नियम पाहा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या 200 मीटरमध्ये आधी परवानगी.

हे सगळं जुळलं की परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरकडून ऑनलाइन फाइल टाका. 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला प्रक्रिया सोपी आहे: नकाशासह सूचना द्यायची, शुल्क भरायचं आणि पावती हीच परवानगी. मार्जिनची सूट मात्र त्यात नाही. परवान्याची मुदत एक वर्ष, पुढे दरवर्षी वाढवून एकूण चार.

जोत्यापर्यंत काम आलं की महापालिकेला कळवा आणि मिस्त्रीच्या भरवशावर न राहता चारही बाजू स्वतः मोजा. दोन विटांचा फरक जोत्यावर निस्तरता येतो, स्लॅब पडल्यावर नाही. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर वापरायच्या परवानगीच्या वेळी अधिकारी तेच अंतर मोजतात.