ड्रमच्या मिनीला मेट्रोचे डिस्क ब्रेक बसवताना

१९५९ साली मिनी ही छोटी ब्रिटिश मोटार बाजारात आली तेव्हा तिला दहा इंची चाके होती आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, म्हणजे फिरत्या पोकळ ड्रमला आतून शू दाबून थांबवणारे ब्रेक. पुढे कूपरसारख्या वेगवान मॉडेलांना पुढच्या चाकांवर डिस्क (दोन्ही बाजूंनी पॅडने आवळल्या जाणाऱ्या तबकड्या) मिळाल्या, पण साध्या मिनीला त्यासाठी १९८४ सालापर्यंत थांबावे लागले. माझी मिनी १००० ही १९७९ सालची आहे. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लिकी हिल्सचा उतार उतरताना तिचे ड्रम तापत, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत पेडल खाली जाऊनही गाडी म्हणावी तशी आवरत नसे. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो आणि लायनिंगची (शूवरच्या घर्षणाच्या थराची) पकडही उष्णतेने कमी होते. हा ड्रमचा स्वभावच आहे, कितीही नीट सेट केला तरी तो सुटत नाही.

या दुखण्यावर इथल्या हौशी मंडळींनी शोधलेला इलाज म्हणजे ऑस्टिन मेट्रो या गाडीचे ब्रेक. मेट्रो १९८० च्या ऑक्टोबरमध्ये आली, मिनीप्रमाणेच लाँगब्रिजच्या कारखान्यात तयार झाली आणि तिच्यात इंजिनही मिनीचेच ए-सीरीज होते. दोन्ही गाड्यांच्या चाकांचे चार बोल्ट चार इंच व्यासाच्या वर्तुळावर असतात. मेट्रोच्या प्रत्येक पुढच्या कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्यात) मात्र चार पिस्टन असतात, मिनीच्या कॅलिपरमध्ये दोनच. सुटे भाग घेताना १९९० पूर्वीची, म्हणजे ए-सीरीज इंजिनाची मेट्रो आहे याची खात्री करून घ्यावी, कारण त्यानंतरच्या रोव्हर मेट्रोची रचना वेगळी आहे.

खर्चाला हात घालण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके आजच जाम होत असतील, तर थांबण्याचे अंतर टायर ठरवतो आहे, ब्रेक नव्हे, आणि मोठ्या डिस्कने ते अंतर कमी होणार नाही. मोठी डिस्क उष्णता अधिक सामावून घेते, त्यामुळे पहिल्या ब्रेकला जी पकड मिळते ती दहाव्यालाही टिकते. शहरात बाजारहाट करणाऱ्या गाडीला १९८४ नंतरच्या मिनीची ८.४ इंची साधी डिस्क आणि तिचाच दोन पिस्टनचा कॅलिपर पुरेसा आहे, असे माझे मत आहे. मेट्रोचे चार पिस्टन आणि टर्बो मॉडेलची हवेशीर (मधून हवा खेळणारी) डिस्क हा पुढचा टप्पा डोंगराळ रस्ता असेल किंवा इंजिन मुळापेक्षा जोरदार केलेले असेल, तरच गाठावा.

ड्रमच्या गाडीत नुसता कॅलिपर बसवता येत नाही, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. ड्रमचा हब (चाक ज्यावर फिरते तो भाग), सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला शाफ्टची गती देणारा सांधा) आणि ड्राइव्ह फ्लँज (चाक बसते ती चकती) हे तिन्ही भाग वेगळे असल्यामुळे डिस्कच्या मिनीतून पूर्ण कोपराच उचलावा लागतो. डिस्क आणि कॅलिपर तेवढे मेट्रोचे. साध्या डिस्कचा आणि हवेशीर डिस्कचा कॅलिपर यांची रुंदी वेगळी असते, म्हणून डिस्क आणि कॅलिपर एकाच गाडीतून जोडीने घ्यावेत. मी सुरुवातीला तीन ठिकाणांहून स्वस्तात तुकडे गोळा केले आणि त्यांतला डावा कॅलिपर ‘पूर्ण तपासलेला’ म्हणून माझ्या गळ्यात मारला गेला. त्याचे दोन पिस्टन गंजून इतके घट्ट बसले होते की ते शेवटी पंपाच्या दाबानेच सुटले. त्यांवर खड्डे पडलेले होते, म्हणजे सील बदलूनही उपयोग नव्हता. पिस्टनच्या पृष्ठभागावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर पिस्टन नवा घ्यावा. कॅलिपरचे दोन भाग जोडणारे बोल्ट मात्र घरी सोडू नयेत, सील त्याशिवायही बदलता येतात.

आता चाक. ८.४ इंचांची डिस्क दहा इंची चाकात मावत नाही. किमान बारा इंची चाक लागते, आणि मेट्रोचा जाडजूड कॅलिपर बारा इंची चाकांच्या प्रत्येक नमुन्यात मावेलच असेही नाही. यासाठी मी मुलाची खेळण्यातली माती वापरली. कॅलिपरच्या सर्वांत बाहेरच्या कोपऱ्यावर मातीची बोटभर गोळी चिकटवली, चाक चढवून नट हाताने आवळले, चाक हाताने दोनदा फिरवले आणि काढले. मातीवर चाकाने कोरलेली खाच राहिली होती आणि तिच्याखाली जेमतेम दीड मिलिमीटर माती उरली होती. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो नाही. दुसरे चाक आणले तेव्हा तीन मिलिमीटरपेक्षा अधिक जागा मिळाली. जागा कमी पडते म्हणून कॅलिपर घासण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जुन्या मेट्रोच्या कॅलिपरची एक खोड ठाऊक असायला हवी. त्याला तेलाच्या दोन वाटा असतात, कारण मूळ गाडीत दोन वेगवेगळी सर्किटे (ब्रेक तेलाचे स्वतंत्र मार्ग) एकाच कॅलिपरला येऊन मिळत. मिनीमध्ये प्रत्येक बाजूला एकच होज (लवचिक नळी) येतो. दुसरी वाट नुसती बूच मारून बंद केली तर चारांपैकी दोन पिस्टन मुके राहतात आणि सगळा खटाटोप वाया जातो. दोन्ही वाटा एका आखूड धातूच्या नळीने जोडून घ्याव्यात, किंवा एकाच वाटेसाठी आधीच बदल केलेले कॅलिपर विकत घ्यावेत. मी दुसरा मार्ग पत्करला.

काम सुरू करताना गाडी जमिनीवर असतानाच हबचा मोठा नट सैल करावा, मग ती जॅकने उचलून स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाच्या कमानीत डोके घालू नये. ब्रेकचा होज, स्टिअरिंगचा जॉइंट आणि वरचा-खालचा बॉल जॉइंट सोडवला की जुना हब सीव्ही जॉइंटसह शाफ्टवरून निघतो. नवा हब चढवताना, नटाखाली येणारा, चीर असलेला शंकूसारखा वॉशर आधी बाजूला ठेवून जाड साधा वॉशर घालावा, नट आवळून बेअरिंग जागेवर बसवावे, आणि मगच शंकूचा वॉशर घालून टॉर्क पान्याने शेवटचे आवळावे. शाफ्टच्या टोकाला स्प्लिट पिनचे एक भोक आहे की दोन, त्यावर टॉर्कचा आकडा बदलतो, म्हणून तो आपल्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. हवा काढण्याचे निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आले पाहिजे. ते खाली आले तर डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला आहे.

पेडल पूर्वीपेक्षा जड लागेल, हे आधीच सांगून ठेवतो. मिनीच्या पुढच्या ड्रमचे दोन्ही शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आवळले जात; डिस्कला ती आयती मदत मिळत नाही आणि या वयाच्या मिनीला व्हॅक्यूम बूस्टरही नसतो. मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणारा भाग) बदलण्याचा मोह इथेच होतो. ०.७० इंच बोअरऐवजी (आतल्या व्यासाऐवजी) ०.७५ इंचांचा घेतला तर क्षेत्रफळ सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. पेडलचा प्रवास सुमारे १३ टक्क्यांनी घटतो, पण तेवढाच दाब निर्माण करायला पायाचा जोर सुमारे १५ टक्क्यांनी वाढवावा लागतो. म्हणून आधी आहे तोच सिलिंडर ठेवून पाहावे. गाडी एकेरी सर्किटची असेल तर मात्र दुहेरी सर्किटचा सिलिंडर सर्वांत आधी बसवावा.

मागचे ड्रम तसेच राहू द्यावेत. मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह काढून टाकला, तर पुढच्या बाजूला जड असलेल्या या गाडीची मागची चाके आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर शेपूट पुढे येते.

ब्रेक ऑइल डॉट ४ वापरावे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते, त्यामुळे नव्या ऑइलचा किमान २३० अंशांचा उत्कलनबिंदू पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नये. नळ्यांतली हवा काढायला दोन माणसे लागतात. आमच्याकडे बायको आत बसून ‘दाबलं’, ‘सोडलं’ म्हणत होती आणि मी निपलशी पान्यासह वाकलो होतो. टाकीतले ऑइल कमी झालेले दोघांच्याही लक्षात आले नाही, हवा परत आत गेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

हब बदलल्यामुळे पुढच्या चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. मिनीची पुढची चाके समोरच्या बाजूला एक सोळांश इंच बाहेर उघडी असतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. चाळीस वर्षांवरच्या, मोठा बदल न झालेल्या गाडीला इथे ब्रिटनमध्ये एमओटी या वार्षिक तपासणीतून सूट असली, तरी मी रोलरवर ब्रेक तपासून घेतले, कारण डाव्या-उजव्या चाकांतला फरक पायाला कळत नाही पण आकड्यांत दिसतो. भारतात असे काम करणाऱ्याने मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या बदलांविषयीचे कलम ५२ वाचून आरटीओत विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर रुळवावेत: ताशी ४० मैलांवरून १० मैलांपर्यंत मध्यम दाबाने दहा वेळा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर सोडून आणि गाडी पूर्ण न थांबवता. घरी परतल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करावी, तासाभराने प्रत्येक जोडावर कोरडा कागद टेकवून ओल येते का ते पाहावे, आणि शंभर मैलांनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत.