बोलणं तुटलेल्या कुटुंबाला हरिश्चंद्रगडावर न्यायचं तर

बोलणं तुटलेले भाऊ लग्नकार्यात समोरासमोर येतात, पण मंगल कार्यालयात तोंड चुकवायला जागा भरपूर. एक मुक्काम डोंगरावर काढायचा तर पाणी, रांधणं, तंबू यांसाठी एकमेकांवाचून अडतं. अर्थात अडेल असं सामान मुद्दाम बांधलं तरच.

गड हरिश्चंद्रगड आणि वाट पायथ्याच्या पाचनई गावाची. खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट लांब पडते. नळीची वाट कसलेल्यांची, तिचं नावही काढू नका. पुण्याहून आळेफाटा–ब्राह्मणवाडा–कोतूळमार्गे, मुंबईहून घोटी–भंडारदरा–राजूरमार्गे पाचनई गाठता येते. साठीतली माणसं आणि दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर चढाईला तीन तास धरा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, एप्रिलनंतर गडावरच्या टाक्यांचं पाणी कमी होतं. हा भाग कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून तंबू लावायला सध्या परवानगी आहे का, हे वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा. नसेल तर मुक्काम पाचनईत गावकऱ्यांच्या घरी करून गड दिवसभरात पाहून या.

बोलावणं भांडणात नसलेल्या माणसानं करावं: एखादी आत्या, मामा, नाहीतर दोन्ही घरांत ऊठबस असलेला भाचा. ‘मिटवायला चाललोय’ असं सांगितलं की निम्मे लोक येत नाहीत आणि उरलेले कागदपत्रांची पिशवी घेऊन येतात. ‘मुलांना गड दाखवायचाय’ एवढं पुरे. खर्चाची माणशी रक्कम आधीच गोळा करा, कारण पैशावरून तुटलेलं पैशावरूनच पुन्हा पेटतं. दारू पूर्ण बंद. जुनी भांडणं आणि गडावरच्या कोकणकड्याची उभी कड यांच्या जोडीला तिसरं काही नको.

आता खरी मेख सामानात आहे. दहा जणांच्या खिचडीला तांदूळ ८०० ग्रॅम, मूगडाळ ४०० ग्रॅम, पाणी साधारण पाच लिटर. पाच-पाच लिटरची दोन पातेली आणि नळीवाल्या, बुटक्या दोन शेगड्या घ्या. गॅसच्या डब्यावर थेट बसणारी शेगडी भरल्या पातेल्याखाली कलंडते. २३० ग्रॅमचे दोन डबे रात्रीच्या जेवणाला आणि दोन वेळच्या चहाला पुरतात, तिसरा जादा. शेगड्या थोरल्या घराच्या सॅकमध्ये, गॅस धाकट्यांच्या. तांदूळ एकाकडे, डाळ दुसऱ्याकडे. तंबूचं कापड इकडे, काठ्या तिकडे. संध्याकाळी ‘काड्यापेटी कुणाकडे आहे?’ हे विचारल्यावाचून गत्यंतर नसतं, आणि वर्षानुवर्षं न बोललेल्यांना सुरुवातीला एवढंच वाक्य झेपतं.

ही वाटणी अंगलट येते ती एखादं घर अर्ध्या वाटेतून मागे फिरलं की. मग वर शेगड्या असतात आणि गॅस खाली गेलेला असतो. त्यामुळे पाणी, विजेरी, औषधं, पांघरूण आणि एक वेळचं कोरडं खाणं ज्याचं त्याच्याकडेच हवं. जादा डबा आणि एक जादा काड्यापेटी म्होरक्याच्या सॅकमध्ये. पाचनईतला एक वाटाड्याही बरोबर घ्या. कुणाचं बिनसलं किंवा गुडघा धरला, तर तो सुखरूप खाली नेतो आणि बाकीच्यांचा बेत मोडत नाही.

चढताना माणशी दोन लिटर पाणी. सॅक स्वतःच्या वजनाच्या सहाव्या हिश्शापेक्षा जड नको. आजीकडे फक्त बाटली आणि काठी. सर्वांत हळू चालणारा पुढे, म्होरक्या शेवटी. उलटं केलं की तरणी मंडळी पुढे जाऊन बसतात, मागचे पोचेपर्यंत ती उठलेली असतात आणि दमलेल्याला विसावा मिळतच नाही. त्या चिडचिडीत जुना हिशेब निघतो. कातळभिंतीखालून जाणारा टप्पा सावलीचा आहे, पहिली मोठी विश्रांती तिथे घ्या. पायात गोळे आले तर ओआरएसची एक पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोट घोट द्या.

वर पोचल्यावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर आणि केदारेश्वराची गुहा पाहून घ्या. गुहेतल्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे, पाणी कमरेइतकं आणि गारठलेलं. पिण्याचं पाणी टाक्यातून गाळून, उकळून. तंबू कोकणकड्यापासून लांब, मंदिराच्या बाजूला लावा. कड्यावर वारा तंबू उपटतो आणि रात्री लघवीला उठलेल्या माणसाला कड दिसत नाही. शेकोटी नको: अभयारण्य आहे, आणि धुरानं कड्यातली आग्यामोहळं उठतात. तंबूत घरागणिक न झोपता चुलत भावंडं एकत्र, बायका एकत्र, आजीजवळ नातवंडं.

सूर्यास्ताला कड्यावर जायचं तर मंदिरापासून अर्धा-पाऊण तास धरा, परतीला प्रत्येकाकडे विजेरी हवी. कड्यावर निघण्याआधीच डाळ भिजत घाला. या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळतं, खिचडीला घरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तंबूच्या आत शेगडी पेटवू नका, जीव गुदमरतो.

जेवताना ‘वाटणीचं काय?’ कुणीतरी काढणारच. म्होरक्यानं सरळ सांगावं, तो विषय पाचनईत गाड्यांपाशी. तरी आवाज चढलाच तर एकाला पाण्याच्या कॅनसह टाक्यावर धाडा, सोबत पोरगं द्या. मुलांसमोर माणसं जरा बेतानं बोलतात.

सकाळी दमदार मंडळी तारामती शिखरावर (१४२९ मीटर) जातील, बाकीच्यांनी चहा उरकून तंबू आवरायचे. पायाची नखं निघायच्या आदल्या दिवशी कापलेली असावीत, नाहीतर उतरताना बुटाच्या टोकाला आपटून काळी पडतात. उतारावर गुडघ्यांना काठीचा आधार द्या, पावलं छोटी टाका. पाचनईत पिठलं-भाकरीचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि उरलेले पैसे तिथेच मोजून परत करा.