फोर्कचं ऑइल सील घरी बदलायचंय? आधी खालचा बोल्ट हलवा

मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपच्या, म्हणजे फोर्कच्या, पाइपवर तेलाची ओली कडी दिसायला लागली की पहिला संशय ऑइल सीलवर, म्हणजे तेल आत अडवणाऱ्या रबरी रिंगवर. पण खोलाखोली करण्याआधी डस्ट कव्हर वर सरकवा आणि जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी सील आणि पाइपच्या मधून एकदा गोल फिरवा. कधी कधी नुसता मातीचा कण अडकलेला असतो, तो निघाला की गळती थांबते. पुसून, चार दिवस चालवून परत ओलं झालं, तर मात्र सील बदला, आणि एकच बाजू गळत असली तरी दोन्हीकडची बदला. तेल डिस्कपर्यंत किंवा ब्रेकच्या पॅडवर पोचलं असेल तर गाडी जागची हलवू नका.

मी सांगतोय ते जुन्या, साध्या फोर्कबद्दल: वर क्रोमचा पाइप, खाली अॅल्युमिनियमचा बॉटम, आणि बॉटमच्या बुडाशी एक एलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला. या कामात माणूस रडतो तो या बोल्टपाशी.

बहुतेक ठिकाणी क्रम असा सांगतात: चाक काढा, फोर्क काढा, वरचं झाकण उघडा, स्प्रिंग काढा, तेल ओता, मग खालचा बोल्ट खोला. पहिल्या वेळी मीही हेच केलं. एलन की लावली, जोर दिला, बोल्ट लगेच फिरला. खूश झालो. वीस आटे फिरवले, तीस फिरवले, बोल्ट तिथल्या तिथेच. आतून नुसती गुरगुर ऐकू येत होती.

कारण साधं आहे. तो बोल्ट बॉटममध्ये बसतच नाही, तो सीट पाइपच्या, म्हणजे फोर्कच्या आतल्या बारीक नळीच्या, बुडात बसतो. आणि सीट पाइप आत मोकळा असतो. त्याला फिरू न देणारी एकच गोष्ट म्हणजे वरून दाबणारी स्प्रिंग, आणि ती मी आधीच काढून टेबलावर ठेवली होती.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. फोर्क टीमध्येच (हँडलखाली फोर्क धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमध्ये) घट्ट असताना, वरचं झाकण बंद असताना, तेलसुद्धा आत असताना खालचा बोल्ट हलवायचा. काही गाड्यांत तो एक्सलच्या भोकातूनच दिसतो, तिथे चाक आधी काढावं लागतं. मग दुसऱ्या कुणाला तरी बॉटम वर दाबून धरायला सांगा. स्प्रिंग जितकी दाबली जाईल, तितका सीट पाइप जागचा हलणार नाही. बोल्टच्या खाचेतली माती सुईने कोरून काढा, एलन सॉकेट हातोडीने हलकेच ठोकून तळापर्यंत बसवा, आणि एकच सणसणीत झटका द्या. हळूहळू जोर वाढवत नेलात तर सीट पाइप सोबत फिरायला लागतो. पाव आटा सुटला की थांबा, नाहीतर तेल पायावर येईल. झटके देत बोल्ट सोडणारी इम्पॅक्ट गन असेल तर हे दोन सेकंदांचं काम आहे.

तरीही फिरत राहिला तर? गॅस टॉर्चने तापवा, हा सल्ला मला मिळाला होता. आटे जाम असते तर उपयोग झाला असता. इथे आटे जाम नाहीत, अख्खा पाइप फिरतोय, आणि आत तेल आहे. बोल्टचं डोकं ड्रिलने उडवणं हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी झाडूचा लाकडी दांडा घ्या, टोक निमुळतं तासा, स्प्रिंग काढून पाइपमध्ये घाला आणि सीट पाइपच्या तोंडात रुतवा. एकाने अंगाचा भार टाकून दांडा दाबायचा, दुसऱ्याने खालून बोल्ट सोडायचा. माझा तसाच निघाला.

बाकीचं सोपं. ब्रेकचा कॅलिपर काढून दोरीने टांगा, ब्रेकच्या होसवर लोंबकळू देऊ नका. वरचा क्लॅम्प ढिला करून झाकण फोर्क गाडीवर असतानाच सैल करा, मग फोर्क काढा. झाकण पूर्ण काढताना तोंड बाजूला ठेवा, खाली स्प्रिंग दाबलेली आहे. तेल ओता, खालचा बोल्ट आता पूर्ण काढा, सर्कलिप (सील जागेवर धरणारी तारेची कडी) काढा, पाइप ओढून घ्या.

जुनं सील उचकटताना बॉटमच्या काठावर लाकडाची चकती ठेवा आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्यावर टेकवा. सील बसतं त्या जागेवर ओरखडा पडला, तर नवं सील बाहेरच्या बाजूने गळणार.

आता पाइपवरून नख फिरवा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. सील घासतं त्या पट्ट्यात नख कुठे अडकलं, तर तिथे गंजाचा खड्डा किंवा खडा लागल्याची खूण आहे. बारीक टोक असेल तर १००० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपर तेलात बुडवून घासा. खोल खड्डा असेल तर पाइपच बदला. त्या पाइपवर कितीही महागडं सील घाला, पंधरा दिवसांत तीच ओली कडी.

नवं सील घालताना पाइपच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, सीलच्या आतल्या ओठांना तेल लावा. आकडे लिहिलेली बाजू वर, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली. वर जुनं सील ठेवून गोल फिरत ठोका. आवाज भरीव झाला आणि सर्कलिपची खाच पूर्ण दिसली की बसलं. खालच्या बोल्टला नवा कॉपर वॉशर आणि थ्रेड लॉक, म्हणजे आटे सैल होऊ न देणारं लिक्विड. घट्ट करतानाही तो फिरू शकतो, तेव्हा दांडा फेकून देऊ नका.

तेल किती, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. निघालेलं मोजून तेवढंच ओतणारे भेटतात. गळून गेलेलं कसं मोजणार? ओतल्यावर फोर्क दहा-बारा वेळा वरखाली पंप करा, हवा निघते. चाक बसवून एक्सलचा नट घट्ट केलात की एक्सल धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून गाडी दाबा, म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय सरळ बसतात. चाक बसवताना ब्रेकचे पॅड मागे ढकलले असतील, तर निघण्याआधी ब्रेक लिव्हर पंप करून कडक करा.

पहिल्या फेरीनंतर पाइपवर तेलाची पुसट रेघ दिसेल, ती तुम्हीच लावलेल्या तेलाची. पुसा, आणि दुसऱ्या फेरीनंतर परत बोट फिरवा.